टेन्शन मोजायचं कसं: बँकेतल्या एका पाहणीच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

एमडी साहेबांनी सकाळीच बोलावून घेतलं. पुढच्या आर्थिक वर्षात बँक नव्या सीबीएसवर (कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) जाणार हे आता पक्कं झालंय. साहेब म्हणाले, "त्याआधी स्टाफला सिस्टीमचं किती टेन्शन आहे ते मोजून ठेवा. बदल झाल्यावर परत मोजू. संचालक मंडळाला आकडा लागतो." मोजून ठेवा, म्हणजे जशी काही संध्याकाळची कॅश.

काम माझ्याकडे का, तर प्रशिक्षण कक्षात मी एकटीच आहे आणि कधीकाळी मानसशास्त्रात एमए केलं होतं, हे कुणाच्या तरी लक्षात राहिलं. मुदत सप्टेंबरच्या सभेपर्यंत. शाखा वीसेक: सांगली-मिरज, इचलकरंजी, तासगाव, आणि दुष्काळी पट्ट्यात जत, कवठेमहांकाळ. बजेट विचारलं तर झेरॉक्सचे पैसे मिळतील म्हणाले.

या नोंदी माझ्यासाठी. असल्या कामात शेवटी आकडा तेवढा उरतो, तो कुठून कसा आला ते वर्षभराने कुणाला सांगता येत नाही. मलाही येणार नाही.

१४ जून

तीन दिवस नुसतं वाचन. 'टेक्नोस्ट्रेस' हा शब्द क्रेग ब्रॉड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली रूढ केला. त्याच्या लेखी हा जुळवून घेता न येण्याचा आजार. म्हणजे यंत्र बरोबर, माणूस कच्चा. आमच्या आयटी विभागाला हे मत फार आवडेल, म्हणून त्यांना सांगणार नाही.

पुढे मोनिदीपा तराफदार, रघुनाथन आणि सहकाऱ्यांनी २००७-०८ च्या सुमारास मोजपट्टी तयार केली, आणि जगभर बऱ्याच पाहण्या आजही तिच्याच आधाराने होतात. त्यांनी प्रश्न उलटा केला. माणूस कसा आहे हे सोडून कामात तंत्रज्ञान कुठून कुठून टोचतं ते विचारलं. पाच ठिकाणं, म्हणजे पाच खण, काढले. यंत्रामुळे काम वाढतं आणि वेग वाढतो, तो अतिभार. यंत्र घरात शिरतं, ती घुसखोरी. शिकायला जड जातं, ती गुंतागुंत. जास्त जाणणारा आपली जागा घेईल ही भीती, ती असुरक्षितता. आणि सारखं काहीतरी बदलत राहतं, ती अनिश्चितता. प्रत्येकाखाली चार-पाच विधानं. 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा पाच घरांपैकी एकावर खूण करायची. हा पाच घरांचा प्रकार रेन्सिस लिकर्टचा, १९३२ पासूनचा.

वाचताना आमच्या शाखा डोळ्यांसमोर येत होत्या. रविवारी रात्री दहाला शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'उद्या केवायसीची यादी पूर्ण हवी' असं पडतं, ती घुसखोरी. पाचही खण भरतील असं वाटलं. बघू.

२१ जून

भाषांतर. पद्धत ब्रिस्लिनने १९७० साली सांगितली तीच: एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यायचं, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून कुठं फाटतंय ते बघायचं. मराठी मी केलं. परतीचा प्रवास कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणीने, दोन कप चहावर.

फाटलं ते पहिल्याच शब्दाला. 'तंत्रज्ञान' लिहिलं होतं. मुख्य कार्यालयातल्या शिपाईमामांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "तंत्रज्ञान म्हणजे ते चांद्रयान वगैरे?" बँकेत कुणीही तंत्रज्ञान म्हणत नाही. म्हणतात 'सिस्टीम'. मग सगळीकडे सिस्टीम घातलं. मैत्रिणीने ते परत नेलं आणि एका विधानाचा अर्थ चक्क 'इथला कारभारच मला जास्त काम करायला लावतो' असा झाला. तिची चूक नाही. "या बँकेची सिस्टीमच तसली आहे" असं आपण म्हणतो तेव्हा कॉम्प्युटर कुणाच्या मनात असतो? शेवटी वर एक चौकट टाकली: या कागदावर सिस्टीम म्हणजे सीबीएस, काउंटरचा कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाईल ॲप आणि ऑफिसचे व्हॉट्सॲप ग्रुप.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. 'ताण' हा शब्द पुस्तकी, 'टेन्शन' हा सर्वव्यापी. मुलीच्या लग्नाचं टेन्शन, पावसाचं टेन्शन, मॅचचं टेन्शन. तिघाचौघांना नुसतं बोलतं केलं, तर तीन निरनिराळे शब्द आले. पासवर्ड तिसऱ्यांदा चुकून लॉगिन लॉक झालं की येतो तो 'वैताग'. ३१ मार्चच्या आठवड्याभर आधी पोटात असते ती 'धास्ती'. आणि संध्याकाळी डे-एंड (सिस्टीममध्ये दिवसाचा हिशेब बंद करणं) अडकून साडेआठ वाजले की 'डोक्याला ताप'. वैताग पाच मिनिटांत जातो, धास्ती आठवडाभर राहते. इंग्रजीत हे सगळं एका शब्दात कोंबून बेरीज करतात. आपणही करणार आहोत, पण निदान विधानं लिहिताना हे तीन शब्द वेगळे ठेवले.

२ जुलै

मिरजेत पाचजणांबरोबर बसले. प्रत्येकाने विधान मोठ्याने वाचायचं आणि खूण करताना डोक्यात काय आलं ते बोलायचं. एवढंच. या सगळ्या कामात हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ठरेल असं आत्ताच वाटतंय.

असुरक्षिततेचा खण कोसळला. विधानाचा आशय असा: नव्या सिस्टीममुळे माझी नोकरी धोक्यात आहे असं वाटतं. कर्ज विभागातल्या बाई हसल्याच. "मॅडम, सहकारी बँकेत पर्मनंट माणसाची नोकरी जाते कुठं? बदली होते." पाचपैकी चौघांनी 'असहमत' ठोकलं आणि लगेच बदलीबद्दल बोलायला लागले. सिस्टीम जमत नाही असं एकदा साहेबांच्या मनात बसलं की टेबल काढून घेतात, वसुलीला लावतात, नाहीतर जतला पाठवतात. (जतकरांनी क्षमा करावी, त्यांना मिरजेची भीती घालतात का ते विचारायचं राहिलं.) म्हणजे भीती आहे, अगदी घट्ट आहे, फक्त मूळ विधानात तिचं नाव चुकीचं. तसंच ठेवलं असतं तर अहवालात लिहून बसले असते की आमच्याकडे असुरक्षितता नगण्य.

बदललं: 'सिस्टीम जमत नाही म्हणून माझं टेबल किंवा शाखा बदलतील अशी धास्ती वाटते.'

अनिश्चिततेचंही तसंच. विधानात सॉफ्टवेअर वारंवार बदलल्याचं विचारलंय. आमचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तेच आहे, रंगसुद्धा बदलला नाही. बदलतात ती परिपत्रकं. आज सीकेवायसी (केवायसीची केंद्रीय नोंद), उद्या पॉझिटिव्ह पे (मोठ्या चेकची आधी खातरजमा), परवा आणखी काही. यंत्र जुनंच आणि नियम नवे, हा जाच त्या पट्टीत बसत नाही.

११ जुलै

माझी चूक नोंदवून ठेवते. घाईत गुगल फॉर्म काढला आणि लिंक सगळ्या शाखांना टाकली. सिस्टीमचा त्रास मोजायला लिंक! दोन दिवसांत उत्तरं आली ती बहुतेक मुख्य कार्यालयातली आणि नव्याने लागलेल्या पोरांची. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या पन्नाशीच्या पुढच्या कॅशियर मंडळींपैकी जवळजवळ कुणीच नाही. न भरलेला फॉर्म हेच त्यांचं उत्तर होतं म्हणा, पण ते मोजता येत नाही.

एका शाखेतून सगळे फॉर्म पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आले आणि उत्तरं अक्षरशः सारखी. फोन केला. शाखाधिकारी अभिमानाने म्हणाले, "आमच्या शाखेचं शंभर टक्के झालं मॅडम. मीच सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं." त्यांनी वाईट हेतूने केलं नाही. वरून आलेलं काहीही शंभर टक्के करायचं, एवढंच त्यांना माहीत.

सगळं रद्द. आता कागद.

१६ जुलै

आज कागदाचा वरचा भाग ठरवायचा होता. आधी टाकलं होतं: वय, स्त्री/पुरुष, पद, शाखा. नाव विचारायचं नाही म्हणजे झालं गुपित, असा माझा समज. आकडेवारीवाले सर (कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात, आमच्या बँकेचे खातेदार, फुकट मदत करतात) म्हणाले, "तुमच्या त्या शाखेत बाई किती?" एकच. "मग नाव लिहून घेतलंत की."

पाच-सहा माणसांच्या शाखेत पद आणि वय मिळून आधार कार्डच होतं. शाखा काढली. स्त्री/पुरुष काढताना जीव तुटला, कारण घुसखोरीच्या विधानांत फरक दिसला असता असं मला पक्कं वाटतं. रात्री दहाचा मेसेज आणि घरात दोघांच्या वाट्याचं काम, हे सरळ गणित आहे. तरी काढलं. उरलं ते फक्त काउंटर की मागची बाजू, आणि नोकरी दहा वर्षांच्या आतली की पुढची. दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा कुणालाही द्यायचा नाही, हे साहेबांकडून आजच लेखी घेतलं. नंतर मिळालं नसतं.

उद्या मोहरमची सुट्टी. आषाढीही उद्याच.

१९ जुलै

जगभर विमानतळांवर निळे पडदे. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने विंडोजचे संगणक कोसळले. आमच्याकडे ढिम्म काही झालं नाही. आयटीचे साहेब दिवसभर फार खुशीत होते.

२६ जुलै

कागद वाटायचं काम थांबलं. आठवडाभर पाऊस आणि सगळ्यांचे डोळे सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेच्या पातळीकडे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते इथं कुणाला सांगावं लागत नाही. नदीकाठच्या शाखेत आज कॉम्प्युटर टेबलावरून माळ्यावर चढवले. तिथल्या क्लार्कने फोनवर विचारलं, "मॅडम, हे सिस्टीमचं टेन्शन धरायचं का पाण्याचं?"

१ ऑगस्ट, गुरुवार

काल संध्याकाळी बातमी आली. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला, यूपीआयचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने त्या कंपनीचा संपर्क तोडला आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार अडकले. आमची बँक त्यांत नाही. आमची सेवा दुसरीकडून आहे आणि कालपासून सुरळीत चालू आहे.

पण बातमीत 'सहकारी बँका' एवढंच ऐकू येतं. सकाळी दहाच्या आधीच शटरबाहेर माणसं. मी सांगली शाखेत कागद गोळा करायला गेले होते, अकरापर्यंत दारात उभी राहून "आपली बँक त्यात नाही ओ" हेच सांगत होते. एक आजोबा पासबुक छातीशी धरून तीन वेळा रांगेत आले. पासबुकावर शिल्लक छापून दिली, बघितली, परत रांगेत. काउंटरवरच्या मुलीने तिसऱ्यांदाही छापून दिली. दुपारी तिला विचारलं तर म्हणाली, "सिस्टीम आज एकदाही अडकली नाही. तरी आजच्याइतका ताप कधी झाला नाही."

हे वाक्य तसंच्या तसं लिहून ठेवलं. बंद न पडलेल्या यंत्राचा ताप आमच्या कुठल्या खणात जाणार?

५ ऑगस्ट

सरांशी बोलणं. कागद निम्मे ३१ जुलैच्या आधी भरलेले, निम्मे नंतर. मूळ विधानांना काळाचं बंधन नाही: 'मला असं वाटतं'. कधी? आज? एरवी? शेल्डन कोहेन यांच्या १९८३ च्या ताणाच्या प्रश्नावलीत 'गेल्या महिन्याभरात' असं स्पष्ट विचारलंय. ते आधी सुचायला हवं होतं. आता दोन गठ्ठे वेगळे बांधले, वरती तारीख. सर म्हणाले, हा घोळ समजू नका, निसर्गाने फुकट करून दिलेला प्रयोग समजा. संख्याशास्त्राच्या लोकांना कशातही आनंद होतो.

१३ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

तासगावकडच्या एका शाखेत गेले होते. तिथले कॅशियर काका वर्षाअखेर निवृत्त होतील. कागद त्यांनी भरला नव्हता. भरायचा नाही असंही म्हणाले नाहीत. फक्त ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो, तर म्हणाले, "तुमच्या कागदात सगळीकडं सहमत लिहिलं तर मी कामचुकार, आणि असहमत लिहिलं तर खोटारडा. काय लिहू?"

मी म्हटलं, खरं ते लिहा. त्यावर ते बराच वेळ बोलले. त्यांनी किर्द-खतावणीवर सुरुवात केलेली. पूर्वी बचत खात्याचं व्याज दहा तारीख ते महिनाअखेर यांतल्या कमीत कमी शिलकीवर काढायचं, ते प्रत्येक खात्याचं हाताने. जून आणि डिसेंबरला रात्री बारा-बारापर्यंत बसायचे. "आठ आण्याचा फरक शोधायला दोन दिवस घालवलेत मॅडम. २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज आलं. ते हातानं कुणी काढलं असतं? सिस्टीम नसती तर आम्ही मेलो असतो. मग सिस्टीमचा त्रास आहे म्हणू का नाही म्हणू?"

दोन्ही खरं आहे आणि कागदात दोन्हीला जागा नाही. 'सहमत' वाल्यांनी 'सिस्टीममुळे काम सोपं झालं' यालाही सहमत केलं होतं. ते मी आतापर्यंत बेफिकिरीत धरत होते, न वाचता खुणा केल्या असं समजून. आता गठ्ठे परत बघायला हवेत.

मग त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. साधी दोनशे पानी, मागच्या बाजूने उघडलेली. सांभाळून आखलेले चार रकाने: तारीख, गेली, आली, आणि चौथ्याला नाव नाही. '११.२० गेली, १२.०५ आली.' लिंक, म्हणजे शाखेची सर्व्हरशी जोडणी, गेल्याची नोंद, गेल्या कित्येक वर्षांची. का ठेवली? "एकदा एका खातेदारानं वर तक्रार केली की मी मुद्दाम ताटकळत ठेवलं. मेमो आला. त्या दिवशी लिंक नव्हती हे दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. तेव्हापासून."

चौथ्या रकान्यात काय आहे ते बघितलं. एक-एक शब्द. 'गप्प.' 'ओरडला.' 'ओरडला.' 'बाई रडली, दवाखान्याचे पैसे.' 'हसला.' 'साहेब आत.' हा शेवटचा बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे काय विचारलं. "लिंक गेली की साहेब केबिनमध्ये जातात. बाहेर मी."

गाडीत परत येताना हाच विचार. ऑस्ट्रियात रेने रीडल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलंय की काम चालू असताना संगणक बंद पडला की शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. लाळेतून मोजतात. पण त्या प्रयोगात काचेपलीकडे दवाखान्याचे पैसे मागणारी बाई नव्हती. आणि आमच्या पट्टीत सगळी विधानं 'मी आणि सिस्टीम' अशा दोघांतली आहेत. तिसरं माणूसच नाही. इथं तर सगळा ताप तिसऱ्याचा आहे: माझ्या हातात नसलेल्या गोष्टीचा जाब मला समोर उभं राहून द्यावा लागतो, आणि माझ्या मागे कुणी उभं नसतं.

काकांच्या रकान्यांवरून तीन विधानं वाढवली. लिंक गेली की ग्राहकाचं बोलणं मलाच ऐकावं लागतं. अशा वेळी शाखाधिकारी बाहेर येऊन ग्राहकांशी बोलतात. सिस्टीम बंद होती हे नंतर सिद्ध करायला माझ्याकडे काही नसतं. ज्या शाखांत कागद अजून जायचेत, तिथं ही जोडून जातील. पद्धतशास्त्राच्या पुस्तकात असं मध्येच काही वाढवायला मनाई आहे, ठाऊक आहे. तिसरा गठ्ठा.

२९ ऑगस्ट

सरांच्या घरी आकडेमोड. क्रोनबाखचा अल्फा (१९५१ पासून सगळे वापरतात) बघतो तो एवढंच: एका खणातली विधानं एकमेकांबरोबर चालतात की प्रत्येक आपापल्या वाटेने जातं. ०.७ च्या वर असेल तर चालेल असा रिवाज. अतिभार आणि गुंतागुंत सहज पार. असुरक्षितता खाली, बदलीचं विधान घालूनही. कारण त्याच खणात 'सहकारी आपलं ज्ञान वाटून घेत नाहीत' अशा आशयाचं विधान आहे आणि आमच्याकडे नेमकं उलट. नवी पोरं काकांना कुरकुरत का होईना शिकवतात, आणि काका त्यांना नोटा ओळखायला शिकवतात. त्या विधानाला बाकीच्यांशी काही देणंघेणं नाही.

मी म्हटलं, मग ते विधान काढून अल्फा वाढवू या. सर म्हणाले, काढा, पण का काढलं ते लिहा. आणि अल्फा फार चढला तरी खूश होऊ नका, एकच प्रश्न पाच वेळा विचारला तरी तो चढतो.

नव्या तीन विधानांत काउंटर आणि मागची बाजू स्पष्ट वेगळी पडली. बाकी सगळ्या खणांत दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. कागद थोडे आहेत, फार जोर देता येणार नाही. ३१ जुलैच्या आधीचे आणि नंतरचे गठ्ठे पाचही खणांत फारसे वेगळे नाहीत, याचं मात्र मला आश्चर्य वाटलं नाही. त्या दिवशीचा ताप त्या खणांतला नव्हताच.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. अर्धं ऑफिस मखरात गुंतलेलं. अशात आयटीचे साहेब एक कल्पना घेऊन आले. प्रश्नावलीची कटकट कशाला, प्रत्येक युजरचं लॉगिन, चुकलेले पासवर्ड, रद्द केलेल्या एन्ट्री, सगळं सर्व्हरवर आहे. त्यावरून प्रत्येकाचा 'टेन्शन स्कोअर' काढता येईल, दर सोमवारी क्रमवारी.

कल्पना हुशारीची आहे हे मान्य. डे-एंड रोज किती वाजता झाला हे शाखावार मीच त्यांच्याकडून घेतलंय आणि ते कामाचं आहे. पण माणसागणिक? तीन वेळा पासवर्ड चुकला हे ज्या दिवशी क्रमवारीत दिसेल, त्या दिवसापासून काका शेजारच्या पोराच्या लॉगिनवर काम करतील, आणि मग मेकर-चेकरची (एकाने एन्ट्री करायची, दुसऱ्याने तपासायची) वाट लागेल ती वेगळीच. हे मी जरा जास्तच आवाजात बोलले. एमडी साहेबांनी प्रस्ताव 'पुढे पाहू' म्हणून ठेवला. पुढे पाहू म्हणजे या इमारतीत काय ते मला माहीत आहे, पण दोन्ही अर्थांनी माहीत आहे.

२० सप्टेंबर

सभा. मला बारा मिनिटं मिळाली. एमडी साहेबांना एकच आकडा हवा होता, मी सहा ठेवले. एका संचालकांनी विचारलं, "म्हणजे टेन्शन आहे का नाही ते सांगा ना." म्हटलं, काउंटरवर आहे, आणि ते सॉफ्टवेअर बदलून जाणारं नाही. त्यावर ज्यांनी नव्या सॉफ्टवेअरच्या खर्चाचा ठराव मांडला होता ते जरा हलले.

पाचही खणांची अख्खी पट्टी बदलानंतर परत वापरायची असं ठरलं. वाढवलेली विधानं राहतील. कॅशियर काकांचं नाव न घेता वहीबद्दल सांगितलं. सहा शाखांत तशी वही ठेवून बघायला मंजुरी मिळाली, कारण त्याला खर्च नाही. चौथ्या रकान्याला मथळा काय द्यायचा यावर अपेक्षेपेक्षा जास्त चर्चा झाली. 'ग्राहक प्रतिसाद' असं ठरलं. मी गप्प बसले.

लिंक गेल्यावर शाखाधिकाऱ्याने बाहेर यावं असं परिपत्रक काढावं, हा माझा मुद्दा इतिवृत्तात आलेला नाही.

१० ऑक्टोबर

वह्यांचा पहिला पंधरवडा. चार शाखांतून पानं आली, बऱ्यापैकी भरलेली. मथळा 'ग्राहक प्रतिसाद' असला तरी एकाने खाली 'चिडला' आणि पुढे कंसात 'बरोबरच आहे' असं लिहिलंय.

जतची वही कोरी. एकही नोंद नाही. सर्व्हरच्या नोंदींत मात्र त्या पंधरवड्यात तिथली लिंक पाच वेळा गेलेली. फोन लावला.

"लिंक गेलीच नाही का तुमच्याकडे?"

"गेली की मॅडम."

"मग वहीत काही नाही."

थोडा वेळ शांतता. "वही साहेबांच्या टेबलावर असते ओ. आत जाऊन मागायची, लिहायची, परत ठेवायची. गर्दीत कोण जाणार?"

उद्या सकाळच्या एसटीने जतला जातेय. नवी वही घेतली, आणि सुतळी. काउंटरवर पेन बांधतात तशी बांधून येते.